जपानी आज्यांकडून घरचा स्वयंपाक शिकायचा असेल तर

सुशी आणि रामेन जपानी घरात रोज कुणी करत नाही. सुशी विकत आणतात, रामेन खायला बाहेर जातात. घरात रोज शिजतो तो भात, मिसोशिरु म्हणजे मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, एखादी दाशीत (शेवाळ आणि माशाच्या पातळ अर्कात) शिजवलेली भाजी, एखादी तिळाचं कूट लावलेली पालेभाजी आणि वाटीभर लोणचं. ‘इचिजू सानसाई’, म्हणजे एक सूप आणि तीन पदार्थ, हा या ताटाचा सांगाडा. जपानी भोजनपरंपरेला युनेस्कोने २०१३ साली सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा या ताटाचं जगभर कौतुक झालं. पण ते शिकायचं तर साठी-सत्तरीच्या बाईच्या ओट्याशी जाऊन उभं राहावं लागतं. मी पुण्याहून आधी तोक्योला आणि मग नागानो प्रांतातल्या मात्सुमोतोला आले. गेली सात वर्षं इथल्या बायकांकडून शिकते आहे. नव्याने येणाऱ्या मराठी मुली मला नेहमी विचारतात की सुरुवात कुठून करायची, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी घरी दोन गोष्टी पक्क्या करा

भात आणि दाशी. या दोन गोष्टी तुम्हाला कुणीही शिकवणार नाही, कारण त्या शिकवायच्या असतात हेच इथल्या बायकांच्या मनात येत नाही. आपण तरी पाहुण्या मुलीला फोडणी कशी करायची ते सांगतो का? तिला येत असेल असं धरूनच चालतो.

तांदूळ मोजायचं माप इथे ‘गो’. एक गो म्हणजे १८० मिलिलिटर, वजनात साधारण १५० ग्रॅम. कुकरबरोबर येतो तो छोटा प्लास्टिकचा कप हाच. पहिलं पाणी घातलं की दोनदा हात फिरवून लगेच ओतून द्यायचं, कारण कोरडा तांदूळ पहिलं पाणी झटकन पितो आणि त्याबरोबर कोंड्याचा वासही पितो. मग हलक्या हाताने चोळून तीन-चार पाण्यांनी धुवायचा. उन्हाळ्यात अर्धा तास, थंडीत तासभर भिजवायचा. पाणी तांदळाच्या मापाच्या सव्वापटीच्या आत. शिजल्यावर दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही, नंतर पळीने खालून वर हलवायचा. आपल्याला मोकळ्या भाताची सवय असते. हा भात काड्यांनी उचलता आला पाहिजे इतपत चिकट हवा. आंबेमोहोर खाऊन वाढलेल्यांना तो लवकर आवडतो.

दाशी म्हणजे इथल्या स्वयंपाकाचं पाणी. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोन्बु (वाळवलेलं समुद्री शेवाळ) अर्धा तास भिजवा. कोन्बुवरची पांढरी पूड धुऊ नका, ओल्या फडक्याने नुसतं टिपा. चव त्या पुडीतही आहे. मंद आचेवर ठेवा आणि पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की कोन्बु काढून घ्या, उकळला तर बुळबुळीत होतो आणि वास येतो. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, २० ग्रॅम कात्सुओबुशी (वाळवून धुरावलेल्या माशाचा कीस) घाला, दोन मिनिटांनी गाळून घ्या. गाळताना पिळायचं नाही. याच कोन्बुच्या पाण्यातून किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं.

पहिले काही दिवस ही दाशी नुसती वाटीत घेऊन चाखत जा. आपल्या जिभेला ती सुरुवातीला पाण्यासारखी लागते. मला तिच्यातली चव कळायला तीन आठवडे लागले. ती कळल्याशिवाय कुणाच्या घरी गेलात तर प्रत्येक पदार्थ तुम्हाला अळणी वाटेल आणि काय शिकायचं तेच हाती लागणार नाही. आणि एखाद्या आजींनी दाशीची तयार पूड पातेल्यात टाकली तर नाराज होऊ नका. रोजच्या धबडग्यात बहुतेक घरांत तीच वापरतात.

ओळख कुठे होते

तोक्योच्या एदोगावा भागात, निशी-कासाईला राहत असाल तर आपली माणसं, आपली दुकानं, आपले गणपती सगळं हाताशी असतं. ते फार सुखाचं आहे. पण त्यामुळेच कितीतरी जणी पाच-पाच वर्षं राहून एकाही जपानी स्वयंपाकघरात न जाता परत जातात. तेव्हा थोडं मुद्दाम बाहेर पडावं लागतं.

नगरपालिकेचं ‘कोहो’ नावाचं वार्तापत्र घरी येतं किंवा पालिकेत मिळतं. ते रद्दीत टाकू नका. त्यात ‘र्‍योरी क्योशित्सु’, म्हणजे स्वयंपाकाचे वर्ग, अशी छोटी छोटी चौकट असते. हे वर्ग ‘कोमिनकान’मध्ये भरतात. कोमिनकान म्हणजे वस्तीचं सार्वजनिक सभागृह, तिथे स्वयंपाकाची मोठी खोली असते. बहुतेक वेळा फक्त सामानाचा खर्च घेतात. मी आजवर कधी ५०० येन दिले, कधी १,५००. शहरातल्या आंतरराष्ट्रीय मैत्री संघातही, ‘कोकुसाई कोर्‍यू क्योकाई’ म्हणतात त्याला, परदेशी लोकांसाठी असे वर्ग होतात आणि तिथे मोडक्या जपानीवर भागतं.

माझा मात्र खरा सल्ला वेगळा आहे. ‘शोकुसेइकात्सु काइझेन सुइशिनइन’ हे लांबलचक नाव लिहून ठेवा. या आहार सुधारण्यासाठी गावोगाव काम करणाऱ्या स्वयंसेविका. बहुतेक जणी वयाने मोठ्या, हाताला चव असलेल्या आणि शिकवायची मनापासून हौस असलेल्या. पालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारलंत तर त्यांचे वर्ग कधी असतात ते सांगतात. खेड्याकडे असाल तर शेतकरी सहकारी संस्थेचा महिला विभाग गाठा. मिसो आणि लोणची तिथल्या बायकांनी शिकवावीत.

नाव नोंदवलंत की जायचंच. सामान डोकी मोजून आणलेलं असतं, त्यामुळे जमणार नसेल तर दोन-तीन दिवस आधी फोन करा. जाताना एप्रन, डोक्याला बांधायचा तिकोनी रुमाल आणि हात पुसायचा छोटा टॉवेल न्या. दहा वाजताचा वर्ग असेल तर पावणेदहाला तिथे असा. कुणाच्या घरी बोलावलं असेल तेव्हा मात्र वेळेआधी जाऊ नका. ठरलेल्या वेळी किंवा दोन-चार मिनिटं उशिरा गेलेलं बरं, घरातली बाई शेवटची आवराआवर करत असते.

आणखी एक. आपल्याला कुठल्याही मोठ्या बाईला काकू, आजी म्हणायची सवय असते. इथे ‘ओबाचान’ म्हणू नका, काहींना ते लागतं. आडनावापुढे ‘सान’ लावा, वर्गात शिकवत असतील तर ‘सेनसेइ’ म्हणा. मी या लेखात आजी म्हणते आहे ते आपल्या मराठीत, समोर त्यांना मी आडनावानेच हाक मारते.

शाकाहारी असाल तर हे आधी बोला

यावर मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो आणि दोन्हीकडची माणसं दुखावतात.

‘मी बेजितारियन आहे’ एवढं सांगितलं की समोरच्या बाई मांस काढून टाकतात आणि मोठ्या प्रेमाने उकडलेल्या पालकावर कात्सुओबुशी भुरभुरवतात. त्यांच्या मते तो पदार्थ भाजीचाच. दाशीत मासा असतो हे तर बोलण्यातही येत नाही, आपण वरणात हिंग आहे हे सांगत नाही तसंच. म्हणून शब्द नेमके वापरा: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’, मांस आणि मासे खात नाही. लगेच पुढे: ‘कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन’, माशाची दाशीही चालत नाही. आणि त्यापुढचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं: ‘कोन्बु तो शिइताके नो दाशी नारा दाइजोबु देस’, कोन्बु आणि शिइताकेची (एक प्रकारच्या अळंबीची) दाशी असेल तर चालेल. नुसतं ‘चालत नाही’ ऐकलं की यजमानीण अडचणीत येते. काय चालतं ते ऐकलं की तिला मार्ग दिसतो.

ही दाशी बौद्ध मठांतल्या शाकाहारी स्वयंपाकाची, ‘शोजिन’ परंपरेतली आहे आणि इथल्या प्रत्येक वयस्क बाईला ती माहीत असते. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोन्बु आणि तीन-चार वाळलेले शिइताके रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी तयार. मी अशी बाटली घरून करून नेते. कुणाला वेगळा खटाटोप करावा लागत नाही आणि माझं पातेलं बाजूला तसंच शिजतं.

अंडं, दारू, गोमांस याबद्दलही आधीच सांगा. होनमिरिनमध्ये, म्हणजे स्वयंपाकात वापरायच्या गोड तांदळाच्या मद्यात, १४ टक्क्यांच्या आसपास मद्यार्क असतो. शिजताना त्यातला बराच उडतो, पण पाळायचं असेल तर सांगितलेलं बरं. हे सगळं नाव नोंदवताना सांगायचं. पानावर बसल्यावर सांगणं म्हणजे पहाटेपासून राबलेल्या बाईचा हिरमोड करणं.

ओट्याशी उभं राहिल्यावर

दारात ‘ओजामा शिमास’ (जरा त्रास देते, आत येते) म्हणायचं, चपला काढून त्यांची तोंडं दाराकडे वळवून ठेवायची, हात धुवायचे, केस बांधायचे. मग ‘ओतेत्सुदाइ शिमास’, मी मदत करते. पहिल्या दिवशी वाट्याला भाज्या धुणं आणि भांडी घासणं येईल. तेच करा, मनापासून करा. सिंकच्या कोपऱ्यात कचऱ्याची जाळी असते, सालं तिथेच टाकायची. तळणीचं तेल सिंकमध्ये कधीही ओतू नका. कागदात टिपून किंवा तेल गोठवायची पूड घालून ते कचऱ्यात जातं.

वही लगेच काढू नका. आधी हात बघा. माझी पहिली भाजी काबोचाची होती, म्हणजे गडद हिरव्या सालीचा गोड भोपळा. आजींनी साल तशीच ठेवून मोठ्या फोडी केल्या आणि मग प्रत्येक फोडीच्या कडा सुरीने हलकेच तासल्या. त्याला ‘मेंतोरी’ म्हणतात. कडा बोथट केल्या की शिजताना फोडी एकमेकींवर घासून फुटत नाहीत. फोडी साल खाली करून पातेल्यात एका थरात मांडल्या. साधारण ४०० ग्रॅम भोपळ्याला एक वाटीभर पाणी, दोन मोठे चमचे साखर. उकळी आल्यावर जरा वेळाने एक चमचा मिरिन, एक चमचा शोयु (सोया सॉस). वरून ‘ओतोशिबुता’ ठेवला. हे पातेल्याच्या तोंडापेक्षा लहान झाकण, ते थेट फोडींवर बसतं. रस त्याला लागून परत खाली येतो आणि थोड्या पाण्यात सगळीकडे सारखा मुरतो.

मला मधे राहवलं नाही. झाकण उचलून मी पळीने भाजी हलवली, आपण हलवतो तशी. चार फोडींचा लगदा झाला. आजी काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी तीच भाजी मांडली, ओतोशिबुता माझ्या हातात दिला आणि पळी स्वतःकडे ठेवली. निमोनो, म्हणजे दाशीत किंवा पाण्यात शिजवलेली भाजी, हलवायची नसते. गॅस बंद केल्यावर ती तशीच थंड होऊ द्यायची. चव थंड होताना आत जाते असं इथल्या बायका सांगतात, आणि सकाळी केलेली काबोचा संध्याकाळी खाऊन बघितलीत की तुम्हालाही पटेल.

साखर आधी का? ‘सा-शि-सु-से-सो’ हा इथला पाठ: सातो (साखर), शिओ (मीठ), सु (व्हिनेगर), शोयु (जुन्या उच्चाराने सेउयु), मिसो. साखर हळू मुरते म्हणून पहिली, मीठ आधी घातलं तर साखरेला आत शिरायला वेळ लागतो. शोयु आणि मिसोचा जीव त्यांच्या वासात असतो म्हणून ते शेवटी. मिसो घातल्यावर सूप उकळायचं नाही, पळीत विरघळवून सोडायचा आणि गॅस बंद.

आता भाषेचं. पाणी किती विचारलंत की उत्तर येतं ‘हिताहिता’. फोडींचे माथे जेमतेम पाण्याबाहेर डोकावतील इतकं. ‘काबुरु कुराइ’ म्हणजे पूर्ण बुडतील इतकं. मीठ किती, तर ‘तेकितो’, आपलं ‘अंदाजाने’. आणि आच सांगायला त्यांच्याकडे नादाचे शब्द आहेत: ‘कोतोकोतो’, ‘गुरागुरा’. इंग्रजीतून शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणी या शब्दांपाशी अडतात. आपल्याला ते फार सोपं जातं, कारण रटरट आणि खदखद यांतला फरक मराठी माणसाला कुणी समजावून द्यावा लागत नाही. कोतोकोतो म्हणजे मंद रटरट, गुरागुरा म्हणजे खदखदा. शब्द ऐकलात की पातेल्याकडे कान द्या आणि आवाजासकट तो लक्षात ठेवा.

वही दुसऱ्या वेळेला

तोच पदार्थ दुसऱ्यांदा करताना बघायला मिळाला की वजनकाटा आणि वही न्या. ‘मेमो ओ तोत्ते मो ईई देस का’, लिहून घेतलं तर चालेल का, असं विचारून घ्या. आजी चिमूट पातेल्यात टाकणार तेवढ्यात ती वाटीत घ्यायला सांगा, मोजा, मग पातेल्यात घाला. त्यांना याची गंमत वाटते. मोठा चमचा १५ मिलिलिटर, छोटा ५, कप २०० मिलिलिटर. तांदळाचा कप १८०चा, हे विसरलात की सगळं चुकतं.

तीन दिवसांच्या आत घरी करा आणि थोडंसं त्यांच्याकडे न्या. कसं झालं विचारलंत तर ‘ओइशिइ’ (छान झालंय) हेच उत्तर मिळेल, नेहमी. म्हणून नेमकं विचारा: मीठ कसं आहे, भोपळा अजून शिजायला हवा होता का? त्या ‘चोत्तो…’ (जरा…) म्हणून थांबल्या की समजा, चुकलंय. काय ते पुढच्या वाक्यात हळूच येतं.

डबा रिकामा परत द्यायचा नाही

बागेतले मुळे, माहेरहून आलेली सफरचंदं, जास्त झालेली भाजी शेजारी वाटायची पद्धत इथे घट्ट आहे. तिला ‘ओसुसोवाके’ म्हणतात. आपल्याकडच्या वानवळ्याची ही सख्खी बहीण. तुमच्या दारात तो येऊ लागला की समजा, तुम्ही ओट्याच्या आतल्या बाजूला आलात. आणि डबा परत देताना त्यात काहीतरी छोटंसं ठेवायची जुनी रीत आहे, तिचं नाव ‘ओउत्सुरी’. माझ्या आईने आयुष्यात कुणाचा डबा रिकामा परत दिला नाही, त्यामुळे हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

काय द्यावं? शंकरपाळे सगळ्यांना आवडतात, इथल्या ‘कारिंतो’ या तळलेल्या गोड खाऊच्या ते जवळ जातात. नारळाच्या वड्या, बेताच्या गोडीच्या. चिवडा द्यायचा तर मिरची आणि लसूण गाळून. मूठभर पुरे. महागाची भेट देऊ नका, कारण तिची परतफेड करणं समोरच्या बाईवर बंधनकारक होतं आणि पुढच्या वेळी बोलवायला तिचा हात आखडतो.

वर्षाचं चक्र

रोजच्या भाज्या एखाद्या हंगामात येतात. साठवणीच्या गोष्टींना अख्खं वर्ष द्यावं लागतं. जूनमध्ये उमे येतात, जर्दाळूच्या जातीतलं आंबट फळ. त्यांना वजनाच्या १८ ते २० टक्के मीठ, मग लाल शिसोचा पाला आणि पाऊस सरल्यावर जुलैच्या कडक उन्हात तीन दिवस सुपल्यांवर वाळवण. गच्चीत सांडगे-पापड राखत बसलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. डिसेंबरअखेर ओसेचीची, म्हणजे नववर्षाच्या खास पदार्थांची, तयारी, त्यातलं काळ्या दाण्यांचं ‘कुरोमामे’ आधी शिकून घ्या.

नागानोत नोव्हेंबर म्हणजे नोझावाना या पालेभाजीचं लोणचं. एक-दोनदा दहिवर पडून पाला मऊ झाला की बायका जमतात, हात बधिर करणाऱ्या पाण्यात लांबच लांब जुड्या धुतात आणि पाल्याच्या वजनाच्या तीन-चार टक्के मीठ, कोन्बु, लाल मिरची घालून पिंपात दगडाखाली दाबतात. इतक्या कामाला हात कमी पडतात, म्हणून नवख्या मुलीला बोलावणं येण्याची शक्यता याच दिवसांत सगळ्यात जास्त. रबरी हातमोजे आणि गमबूट तयार ठेवा.

जानेवारी-फेब्रुवारीत मिसो. जपानमधला जवळजवळ निम्मा मिसो आमच्या नागानोत होतो, पण घरचा तो घरचा. एक किलो सोयाबीन रात्रभर भिजवून, अंगठा आणि करंगळीत धरून चिरडता येईल इतकं शिजवायचं. कुटून अंगाइतकं कोमट झालं की त्यात एक किलो तांदळाची कोजी (बुरशी चढवलेला तांदूळ) आणि साधारण ४५० ग्रॅम मीठ एकत्र चोळून मिसळायचं. लाडवासारखे गोळे वळायचे आणि ते डब्याच्या तळाशी जोराने आपटायचे, आत हवा राहिली तर बुरशी धरते. वर मीठ, वजन, तारखेची चिठ्ठी, आणि डबा घरातल्या थंड कोपऱ्यात. उन्हाळ्यात एकदा वरचं खाली करायचं आणि नोव्हेंबरात उघडायचा.

उघडलात की पहिला छोटा डबा भरून ज्या आजींनी शिकवलं त्यांच्याकडे न्या. त्या बोट लावून चाखतात, मान हलवतात, डबा आत घेऊन जातात. गेल्या वर्षी माझा डबा चार दिवसांनी परत आला, आत त्यांच्या पडवीत दोरीला टांगून वाळवलेली पाच पर्सिमन फळं होती, वर पांढरी साखर फुटलेली.